रेणूंची चाळणी : माळव्याच्या काळ्या कातळापासून इंदूरच्या प्राणवायू संयंत्रांपर्यंत

समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या माळव्याच्या ज्या पठारावर इंदूर वसले आहे, ते पठार आणि सह्याद्रीचे कडे एकाच खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर पडला, थरावर थर पसरत गेला आणि थिजला. त्यातून झालेला बेसाल्ट, म्हणजे मराठी मुलखात सर्वांच्या ओळखीचा काळा कातळ, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे आणि भूशास्त्रात त्याला दख्खन ट्रॅप असे नाव आहे. पुणे, नाशिक, जळगाव आणि इंदूर ही शहरे राज्यांच्या सीमांनी वेगळी झाली असली, तरी त्यांच्या विहिरी, पायवाटा आणि जुन्या वाड्यांची जोती याच दगडाची आहेत. या कातळाच्या पोटात स्फटिकांचे एक कुळ दडलेले असते, त्याला झिओलाइट म्हणतात, आणि विसाव्या शतकात याच कुळाच्या अभ्यासातून मिश्रणातले रेणू आकारानुसार व विद्युत्-स्वभावानुसार वेगळे करण्याची रीत उद्योगाच्या हाती आली. गाडीत भरले जाणारे पेट्रोल, अंगावरचे कृत्रिम धाग्याचे कापड आणि रुग्णालयातल्या खाटेपर्यंत पोहोचणारा प्राणवायू या तिन्ही वाटांनी ती रीत आज इंदूरच्या रोजच्या व्यवहारात आहे. खडक येथलाच, पण त्याची विद्या दूरदेशी वाढली आणि टंचाईच्या दिवसांत तयार मालही दूरदेशाहून विमानाने आणावा लागला, हा या इतिहासाचा गाभा आहे.

लाव्हारस थिजताना त्यात कोंडलेल्या वायूंचे बुडबुडे तसेच राहून जातात आणि खडकात वाटाण्यापासून खोलीएवढ्या आकारापर्यंतच्या पोकळ्या तयार होतात. पुढे लाखो वर्षे गरम पाणी या खडकातून झिरपत राहते, खडकातली सिलिका, ॲल्युमिनियम, सोडियम आणि कॅल्शियम विरघळवून घेते आणि निवत जाताना पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपाने मागे ठेवते. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणी, जळगावचा परिसर आणि नाशिकच्या टेकड्या या स्फटिकांसाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट आणि चॅबाझाइट ही त्यांतली ठळक नावे. स्टिल्बाइटचे स्फटिक फिकट गुलाबी, पेंढीसारखे मध्यात आवळलेले आणि टोकांना पसरलेले दिसतात, तर स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया एका बिंदूपासून पंख्यासारख्या फाकलेल्या असतात. विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी सुरुंग लावताना ही पोकळी फुटली की उन्हात चमकणारी भिंत उघडी पडते, आणि संग्राहक तेथे पोहोचण्यापूर्वी तिचा बराचसा भाग खडी होऊन गेलेला असतो.

या स्फटिकांचे वैशिष्ट्य त्यांच्या बाह्य रूपापेक्षा अंतर्रचनेत आहे. झिओलाइटमध्ये सिलिकॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजन अणूंच्या मधोमध बसलेला असतो, असे चतुष्फलकी घटक आपापल्या कोपऱ्यांनी एकमेकांना जोडले जातात आणि त्यांतून दालने व बोळ असलेला, तिन्ही दिशांना सारख्या नियमाने पसरलेला सांगाडा उभा राहतो. ॲल्युमिनियम जेथे बसतो तेथे सांगाड्यावर ऋण विद्युत्भार राहतो; तो भार फेडण्यासाठी सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियम यांचे धनभारित आयन त्या दालनांत वस्तीला येतात आणि त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू जमतात. स्फटिक तापवला की पाणी निघून जाते, पण सांगाडा ढासळत नाही, आणि रिकामी झालेली दालने दुसऱ्या रेणूंना आत घेण्यास तयार होतात. या दालनांची दारे साधारण ३ ते ८ अँगस्ट्रॉम रुंद असतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटींवा भाग. पाणी, नायट्रोजन, अल्कोहोल, बेंझीन यांच्या रेणूंची जाडीही याच टप्प्यातली असल्यामुळे कोणता रेणू आत जाईल आणि कोणता बाहेर राहील हे त्या दाराच्या रुंदीवर ठरते. साध्या कोळशातही सूक्ष्म छिद्रे असतात, पण ती लहानमोठी आणि वेडीवाकडी असतात. स्फटिकाचे प्रत्येक दार मात्र एकाच मापाचे असते, आणि रेणूंची काटेकोर निवड शक्य होते ती या एकसारखेपणामुळे.

युरोपात या खनिजांची नोंद प्रथम १७५६ मध्ये स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ ॲक्सेल क्रॉनस्टेट यांनी केली. फुंकणीच्या ज्योतीत धरल्यावर हा दगड फसफसतो हे पाहून, उकळणारा दगड अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी झिओलाइट हे नाव दिले. माळव्याच्या भूरचनेचे आधुनिक पद्धतीचे वर्णन त्यानंतर सुमारे सात दशकांनी झाले. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह होऊन होळकरशाहीवर इंग्रजांचे वर्चस्व आल्यावर महू येथे छावणी पडली, सर जॉन माल्कम यांनी मध्य हिंदुस्थानाची पाहणी केली आणि १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाला कॅप्टन डेंजरफील्ड यांनी लिहिलेला माळव्याच्या भूरचनेचा वृत्तान्त जोडला गेला. दख्खनची सांख्यिकी पाहणी करणारे कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३३ मध्ये लंडनच्या भूशास्त्र सोसायटीपुढे या काळ्या खडकाच्या प्रदेशाचे आणि त्यातल्या खनिजांचे विस्तृत वर्णन मांडले. पुढे १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात लोहमार्गासाठी बोगदे आणि खिंडी खोदल्या गेल्या, तेव्हा हजारो मजुरांच्या पहारींखाली या स्फटिकांची दालने उघडी पडली आणि तेथले उत्तम नमुने विलायतेतल्या संग्रहालयांत गेले. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये दिलेल्या १ कोटी रुपयांच्या कर्जातून खांडवा–इंदूर लोहमार्ग उभा राहिला. कालाकुंड आणि पाताळपाणीचा घाट चढून माळव्यात येणारा तो मार्गही याच कातळातून कापून काढलेला आहे. नमुने जमा होत होते, त्यांना नावे मिळत होती, पण त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न या टप्प्यावर कोणी विचारलेला दिसत नाही.

तो प्रश्न प्रयोगशाळेत हळूहळू आकाराला आला. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन दामूर यांनी १८४० मध्ये दाखवून दिले की झिओलाइटमधले पाणी घालवता येते, पुन्हा भरता येते आणि या येरझाऱ्यांत स्फटिकाचे रूप बदलत नाही. १८५८ मध्ये आइखहॉर्न यांनी त्यातल्या आयनांची अदलाबदल होऊ शकते हे सिद्ध केले. निर्णायक निरीक्षण १९२५ मध्ये वायगेल आणि स्टाइनहोफ या जर्मन संशोधकांनी केले: पाणी काढून टाकलेला चॅबाझाइट पाण्याची, मिथाइल व इथाइल अल्कोहोलची आणि फॉर्मिक आम्लाची वाफ झटकन आत घेतो, पण ॲसिटोन, ईथर आणि बेंझीन यांना जवळजवळ पूर्णपणे बाहेर ठेवतो. लहान रेणू आत आणि मोठे बाहेर, हा नियम त्यातून स्पष्ट झाला, आणि जेम्स मॅकबेन यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात अशा पदार्थांना रेणूंची चाळणी म्हटले. दरम्यान १९३० मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने झिओलाइटचे सांगाडे उलगडले गेले होते, त्यामुळे जे वागणुकीतून कळले होते त्याला रचनेचा आधार मिळाला. ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हा विषय पद्धतशीर हाती घेतला, कोणता झिओलाइट कोणते रेणू स्वीकारतो याचे वर्ग पाडले आणि निसर्गातल्या खनिजांचे प्रतिरूप प्रयोगशाळेत तयार करण्याची वाट काढली.

खाणीतला झिओलाइट उद्योगाला पुरेसा नव्हता, कारण तो थोडा मिळतो, त्यात भेसळ असते आणि दोन खाणींचा माल सारखा निघत नाही. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागाचे काम हवेतून वायू वेगळे करण्याचे होते. तेथे टोनावांडा येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मिल्टन यांनी सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचा ओला जेल पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपास तापवून १९४९ ते १९५० या काळात ‘ए’ आणि ‘एक्स’ हे कृत्रिम झिओलाइट बनवले, आणि १९५४ पासून ते बाजारात आले. पृथ्वीच्या पोटात ज्याला युगे लागतात ते काही तासांत होऊ लागले. ‘ए’ झिओलाइटचा गुण विशेष लक्षात घेण्याजोगा आहे: त्याच्या दाराशी सोडियम असेल तर वाट सुमारे ४ अँगस्ट्रॉम राहते, सोडियम काढून अधिक जाडीचा पोटॅशियम बसवला तर ती ३ वर येते आणि दोन सोडियमच्या जागी एक कॅल्शियम बसवला तर काही दारे मोकळी होऊन ती ५ पर्यंत रुंदावते. एकच सांगाडा, पण पहारेकरी आयन बदलून त्याच्या दाराचे माप बदलता येते, आणि ३ए, ४ए व ५ए या नावांनी हे तिन्ही प्रकार आजही रसायन कारखान्यांत वापरले जातात. या शोधामागच्या कंपनीचे नाव मध्य प्रदेशात मात्र २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री इंदूरपासून सुमारे १९० किलोमीटरवरच्या भोपाळमध्ये झालेल्या विषारी वायूच्या भीषण संहारामुळे घेतले जाते. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना ती गोष्ट बाजूला ठेवणे योग्य होणार नाही.

रेणू वेगळे करण्याची सर्वांत जुनी मोठी रीत ऊर्ध्वपातनाची आहे, म्हणजे मिश्रण तापवून त्यातला जो घटक आधी उकळेल त्याची वाफ निराळी थंड करण्याची. उकळबिंदू जवळजवळ असले की ही रीत थकते. झायलीन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे: पॅराझायलीन आणि मेटाझायलीन यांच्या उकळबिंदूंत एका अंशाचेही अंतर नाही, परंतु पॉलिएस्टरचा धागा बनवण्यासाठी लागणारे टेरेफ्थॅलिक आम्ल पॅराझायलीनपासूनच तयार होते. १९७० च्या दशकापासून झायलीनचे मिश्रण झिओलाइटच्या थरांतून नेऊन त्यातून पॅरा वेचण्याची पद्धत जगभर रूढ झाली, आणि १९८० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला पॅराझायलीनचे उत्पादन सुरू झाले. मेटा आणि ऑर्थो या झायलीनच्या प्रकारांचे पॅरामध्ये रूपांतर करणारा ‘एन्सिलाइट’ हा झिओलाइट उत्प्रेरक त्याच दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने वडोदऱ्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स आणि एसीसी या कंपन्यांच्या सहकार्याने विकसित करून प्रत्यक्ष कारखान्यात चालवून दाखवला. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्या कामाने झिओलाइट देशात बनवता येतो हे सिद्ध केले. कापड गिरण्यांचे शहर म्हणून वाढलेल्या इंदूरमध्ये गिरण्यांचे भोंगे थांबले, पण महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात आजही जे पॉलिएस्टर मिश्रित कापड ठोक भावाने विकले जाते, त्याच्या धाग्यामागे झायलीनची ही निवड असते.

मराठी मुलखाच्या अर्थकारणाशी या तंत्राचा सर्वांत जवळचा संबंध उसाच्या मळीतून आला. साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळी आंबवून तिच्यापासून मद्यार्क काढण्याची परंपरा जुनी आहे, परंतु ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतो. त्या टप्प्यावर पाणी आणि मद्यार्क एकाच प्रमाणात एकत्र उकळू लागतात आणि पुढे कितीही तापवले तरी उरलेले पाणी निघत नाही. औषधे, रंग किंवा पेये यांना हे थोडे पाणी चालते, पेट्रोलला चालत नाही, कारण पाण्याचा अंश वाढला की टाकीत पेट्रोल वर आणि मद्यार्क-पाणी खाली असे दोन थर पडू शकतात. पूर्वी हे पाणी ओढून काढण्यासाठी बेंझीन किंवा सायक्लोहेक्झेन मिसळून पुन्हा ऊर्ध्वपातन करत असत. त्यात इंधन फार जळे, आणि बेंझीन तर कर्करोगाला कारणीभूत होणारा पदार्थ आहे. ३ए झिओलाइटने हा प्रश्न आकाराच्या बळावर सोडवला. पाण्याचा रेणू सुमारे २.८ अँगस्ट्रॉमचा असल्यामुळे ३ अँगस्ट्रॉमच्या दारातून आत शिरतो आणि सुमारे ४.४ अँगस्ट्रॉमचा इथेनॉलचा रेणू दाराशीच थांबतो. आसवनीत झिओलाइटच्या मण्यांनी भरलेले दोन उंच मनोरे शेजारी शेजारी उभे असतात. मद्यार्काची तप्त वाफ एका मनोऱ्यातून जाताना पाणी मागे ठेवते आणि ९९.५ टक्क्यांहून अधिक शुद्ध होऊन बाहेर पडते, त्याच वेळी दुसऱ्या मनोऱ्यातला दाब उतरवून त्यातले साचलेले पाणी काढून घेतले जाते, आणि काही मिनिटांनी झडपा फिरून दोघांची कामे बदलतात.

इथेनॉल मिश्रित पेट्रोलची देशातली चाचणी २००१ मध्ये ज्या तीन ठिकाणी झाली त्यांतली दोन, मिरज आणि मनमाड, महाराष्ट्रातली होती. तिसरे उत्तर प्रदेशातल्या बरेलीजवळ होते. जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर गेले. या वाढीमुळे कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या ऊस जिल्ह्यांतल्या आसवन्यांत चाळणीचे मनोरे हे नेहमीचे दृश्य झाले, आणि पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजसारख्या कंपन्यांनी अशी संयंत्रे देशाबाहेरही उभारली. मुंबईहून मनमाडला येणारी भारत पेट्रोलियमची तेलवाहिनी पुढे इंदूरजवळच्या मांगलियाला पोहोचते; इथेनॉल वाहिनीतून पाठवले जात नाही, ते टँकरने येते आणि डेपोतच पेट्रोलमध्ये मिसळले जाते. इंदूरच्या पंपावर भरलेल्या प्रत्येक लिटरमध्ये अशा रीतीने झिओलाइटने कोरडा केलेला मद्यार्क असतो, मग तो उसाचा असो की धान्याचा.

या तंत्राचा जिवाशी संबंध इंदूरला कळला तो कोविडच्या साथीत. मध्य प्रदेशात द्रवरूप वैद्यकीय प्राणवायूचे मोठे उत्पादन नव्हते आणि राज्याची गरज नागपूर, भिलाई, राउरकेला, जामनगर अशा बाहेरच्या ठिकाणांवरून भागवली जात होती. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातच रुग्णसंख्या झपाट्याने वाढल्यावर त्या राज्याने बहुतेक प्राणवायू आपल्यासाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला आणि नागपूरहून मध्य प्रदेशाला होणारा पुरवठा अडचणीत आला. दोन्ही राज्यांची गरज खरी होती, म्हणून तो पेच अधिकच कठीण होता. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत इंदूरची रुग्णालये भरून गेली, जामनगरहून ३० टन प्राणवायूचा टँकर शहरात आला तेव्हा त्याची पूजा झाली, आणि परतीचा वेळ वाचावा म्हणून हवाई दलाच्या सी-१७ विमानांनी रिकामे टँकर इंदूरहून जामनगरला नेले. भरलेला टँकर रस्त्याने येई, कारण द्रवरूप प्राणवायू विमानातून नेणे धोक्याचे असते. हा सारा प्राणवायू हवा उणे १८० अंशांखाली थंड करून, उणे १९६ अंशांवर उकळणारा नायट्रोजन आणि उणे १८३ अंशांवर उकळणारा प्राणवायू वेगळे करण्याच्या जुन्या रीतीने तयार होत होता. ती रीत प्रचंड प्रमाणावर परवडते, पण तिचे कारखाने थोड्याच ठिकाणी असतात आणि रुग्ण सर्वत्र असतात.

रुग्णालयाच्या आवारात हवेतूनच प्राणवायू काढणारे संयंत्र हा त्यावरचा पर्याय होता, आणि त्याचे मूळ तत्त्व १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चार्ल्स स्कारस्ट्रॉम व फ्रान्समध्ये गेरँ द मोंगारई आणि दोमीन यांनी स्वतंत्रपणे मांडले होते. येथे झिओलाइट आकारापेक्षा विद्युत्-स्वभाव पाहून निवड करतो. नायट्रोजन आणि प्राणवायू यांचे रेणू जवळपास सारख्याच जाडीचे असल्यामुळे दोघेही आत शिरू शकतात, परंतु नायट्रोजनच्या रेणूतली विद्युत्भाराची वाटणी अशी असते की दालनातले सोडियमचे किंवा लिथियमचे आयन त्याला अधिक जोराने धरून ठेवतात. दाब वाढवला की ही पकड वाढते, उतरवला की सुटते. संयंत्रात प्रथम कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबतो. तिच्यातले तेल, धूळ आणि दमटपणा गाळणी व शुष्कक काढून घेतात. मग ती झिओलाइटच्या बारीक गोळ्यांनी भरलेल्या पहिल्या टाकीत जाते, तेथे नायट्रोजन अडकतो आणि वरच्या बाजूने सुमारे ९३ टक्के शुद्ध प्राणवायू बाहेर पडतो, उरलेला भाग मुख्यतः आरगॉनचा असतो. टाकी नायट्रोजनने भरत आली की झडप उघडते, मोठा सुस्कारा सोडल्यासारखा आवाज होऊन अडकलेला नायट्रोजन हवेत निघून जातो आणि तोवर शेजारची टाकी कामाला लागलेली असते. ही अदलाबदल सेकंदांच्या हिशेबाने अहोरात्र चालते, आणि त्यासाठी वीज व हवा यांखेरीज काहीही आणावे लागत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये मुंबईच्या आयआयटीत मिलिंद अत्रे यांच्या मार्गदर्शनाखाली एक सोपा आणि उपयुक्त उपाय दाखवला गेला. कारखान्यांत नायट्रोजन बनवणारी याच तत्त्वावरची संयंत्रे अनेक ठिकाणी असतात, त्यांत कार्बनची चाळणी भरलेली असते. ती काढून झिओलाइट भरला आणि थोडे फेरबदल केले की तेच यंत्र प्राणवायू देऊ लागते. टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि मुंबईच्या स्पॅनटेक इंजिनिअर्स यांच्या सहकार्याने केलेल्या या प्रयोगात ३.५ वातावरण दाबाला ९३ ते ९६ टक्के शुद्ध प्राणवायू मिळाला. याच सुमारास संरक्षण संशोधन संस्थेने तेजस या लढाऊ विमानातल्या वैमानिकांसाठी बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत विकसित केलेले प्राणवायूचे तंत्र रुग्णालयांसाठी खुले केले. मिनिटाला १००० लिटर देणारे एक संयंत्र, प्रत्येक रुग्णाला मिनिटाला ५ लिटर धरले तर, सुमारे १९० रुग्णांना पुरे पडते, असा त्याचा हिशेब होता. ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत पीएम केअर्स निधीतून देशभर १२०० हून अधिक संयंत्रे मंजूर झाली होती, आणि इंदूरच्या शासकीय व खासगी रुग्णालयांतही अशी संयंत्रे बसली. परंतु मे २०२१ मध्ये या संयंत्रांसाठी लागणारा झिओलाइट एअर इंडियाच्या विमानांनी रोमहून बेंगळुरूला आणावा लागला. ज्या देशाचा एवढा मोठा भूभाग झिओलाइट पोटात बाळगणाऱ्या कातळाचा आहे आणि जेथे तो पदार्थ बनवण्याची विद्या पुण्यासारख्या ठिकाणी कित्येक दशके नांदत होती, त्याला ऐन संकटात तो आयात करावा लागला. यातली उणीव ज्ञानाची नव्हती, प्रयोगशाळेत साधलेली गोष्ट मोठ्या प्रमाणावर सतत करत राहण्याच्या व्यवस्थेची होती.

सच्छिद्र स्फटिकांचा इतिहास झिओलाइटवर थांबलेला नाही. धातूचे अणू हे सांधे आणि कार्बनयुक्त सेंद्रिय रेणू या त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या मानून बांधलेले सांगाडे गेल्या साडेतीन दशकांत पुढे आले. रिचर्ड रॉबसन यांनी १९८९ मध्ये त्याची दिशा दाखवली, सुसुमु कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा सांगाड्यांत वायू ये-जा करू शकतात हे सिद्ध केले आणि ओमर याघी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सांगाड्याने त्यांच्या टिकाऊपणाविषयीची शंका दूर केली. या तिघांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. झिओलाइटमध्ये दाराच्या मापाचे ठरावीकच पर्याय असतात, या नव्या सांगाड्यांत पट्टी लांब-आखूड घेऊन दालन हवे तसे घडवता येते, आणि त्यामुळे धुरातला कार्बन डायऑक्साइड वेचणे किंवा वाळवंटातल्या हवेतून पाणी मिळवणे असे प्रयोग शक्य झाले आहेत. २००९ मध्ये सुरू झालेल्या इंदूरच्या आयआयटीत या सांगाड्यांवर संशोधन चालते. अशा स्फटिकाची रचना समजून घेण्याचे साधन १९३० मध्येही क्ष-किरण हेच होते आणि आजही तेच आहे. त्यासाठी लागणाऱ्या तीव्र क्ष-किरणांचा देशातला मुख्य स्रोत, ‘इंडस-२’ हे सिंक्रोट्रॉन, इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. १९८४ मध्ये पायाभरणी झालेल्या या केंद्रात देशभरचे संशोधक आपले नमुने घेऊन येतात. माळव्याचा कातळ ज्यांनी प्रथम वर्णिला त्यांना त्याचे स्फटिक केवळ डोळ्यांनी पाहता आले. आज त्याच पठारावर स्फटिकातल्या अणूंच्या जागा मोजता येतात.

या इतिहासातून इंदूरकरांनी आणि राज्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. झिओलाइट नायट्रोजनपेक्षा पाण्याला कितीतरी घट्ट धरून ठेवतो; संयंत्र पावसाळ्यात महिनोन्‌महिने बंद पडून राहिले, शुष्कक निकामी झाला किंवा कॉम्प्रेसरचे तेल आत गेले, तर चाळणीच्या गोळ्या ओल्या होऊन बसतात, नेहमीच्या दाबाच्या चढउताराने त्यांतले पाणी निघत नाही आणि पुढच्या आपत्तीत बटण दाबल्यावर जो वायू येईल तो साध्या हवेपेक्षा फारसा वेगळा नसेल. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने आपले संयंत्र नियमाने चालवावे, बाहेर पडणाऱ्या प्राणवायूची शुद्धता मोजून तिची नोंद ठेवावी, त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमावा आणि गोळ्या बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात दरवर्षी धरावा. शासनाने आणि उद्योगांनी चाळणीचा हा पदार्थ देशातच, पुरेशा प्रमाणात आणि सातत्याने बनेल अशी तजवीज करावी. त्यासाठी लागणारी सोडा, ॲल्युमिना आणि सिलिका देशात आहेत, त्याची विद्या पुण्यात आणि इंदूरमध्ये आहे, आणि ती वापरण्याचे कारण २०२१ च्या एप्रिलने पुरेसे स्पष्ट केले आहे.